लाल शाईतलं शून्य: परशुरामाचा बाण आणि नववीची उत्तरपत्रिका

प्रश्न चार गुणांचा होता. ‘कोकणची किनारपट्टी कशी तयार झाली ते थोडक्यात लिहा.’ नववीचा वर्ग, पहिली घटक चाचणी, बाहेर आषाढाचा पाऊस. गठ्ठ्यातल्या एका पेपरात हे उत्तर होतं:

‘भगवान परशुरामांनी सर्व पृथ्वी कश्यप ऋषींना दान केली. दान दिलेल्या जमिनीवर राहायचं नाही म्हणून त्यांनी सह्याद्रीवरून समुद्रात बाण मारला. समुद्र मागे हटला. जी जमीन मोकळी झाली ती कोकण.’

अक्षर सुरेख, शुद्धलेखनाची एकही चूक नाही, शेवटच्या ओळीखाली पट्टीने मारलेली रेघ. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि सतरा पेपर अजून बाकी होते. मी उत्तरावर लाल पेनने तिरकी रेघ मारली, समासात ‘भाकडकथा’ असं लिहिलं, शून्य दिलं आणि पुढचा पेपर ओढला.

पुढचे दोन महिने या एका शब्दापायी गेले. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवते. पुराणातल्या गोष्टी जशाच्या तशा खऱ्या मानायच्या का, यावरचे वाद मी आजवर वर्तमानपत्रात वाचत आले. आपल्याच वर्गात तो वाद उभा राहील असं वाटलं नव्हतं. झालं ते सगळं इथे मांडते आहे, कारण ही वेळ कुणाही शिक्षकावर येऊ शकते. माणसांची आणि गावाची नावं मुद्दाम गाळली आहेत.

पेपर वाटले तेव्हा

पेपर हातात पडल्यावर शेजारच्या मुलाने तिचा समास मोठ्याने वाचला. वर्ग हसला. मी फळा पुसत होते. वळून ‘गप्प बसा’ म्हटलं आणि धडा पुढे सुरू केला. आठवड्याभरात तिला ‘भाकड’ हे नाव पडलं. मुलीला, बाईला हा शब्द काय अर्थाने चिकटवतात हे गावात कुणालाही सांगावं लागत नाही. ती मधल्या सुट्टीत वर्गातच बसू लागली. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं, आणि कळायला आठ दिवस लागले. या प्रकरणातली पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती माझी.

शून्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. प्रश्न भूगोलाचा होता. सह्याद्रीची झीज, नद्यांनी आणलेला गाळ, समुद्रपातळीतले बदल, जांभा खडक हे सगळं वर्गात शिकवून झालं होतं. त्यातलं एकही अक्षर उत्तरात नव्हतं.

अण्णा

सोमवारी तिचे आजोबा आले. गावात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. वर्षभर सुपारी-नारळाची बाग बघतात आणि चातुर्मासात देवळात पोथी सांगतात. छत्री दाराबाहेर टेकवून आत आले, प्लास्टिकच्या पिशवीतून उत्तरपत्रिका काढली, माझ्या टेबलावर उलगडून ठेवली आणि हाताने सारखी केली.

“बाई, शून्य देणं तुमच्या अधिकारातलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भाकड म्हणजे काय, ठाऊक आहे ना?”

मी काहीच बोलले नाही.

“दूध आटलेली गाय. ही गोष्ट आटलेली नाही हो. वडील लवकर गेले. आई आम्हा भावंडांना घेऊन बाग शिंपायची. रहाट ओढताना सांगायची, ही जमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे, तिला तहानलेली ठेवायची नाही. त्या एका वाक्यावर आम्ही बाग राखली. अजून राखतोय.”

“अण्णा, तुम्हाला ही गोष्ट खरी वाटते?”

“वाटते.”

“बाण मारला, समुद्र हटला, हे सगळं?”

“बाण, समुद्र, सगळं.”

मला वाटलं होतं ते म्हणतील, रूपक आहे, प्रतीक आहे. आपण शिकलेली माणसं अशा वेळी समोरच्याच्या तोंडात हे शब्द घालतो आणि स्वतःची सुटका करून घेतो. अण्णांनी ती सोय मला दिली नाही. मग मीही सरळ बोलले. मला ती गोष्ट घडलेली वाटत नाही, परीक्षेत पुन्हा असं उत्तर आलं तर पुन्हा शून्यच देईन, पण तो शब्द चुकला. पेन काढून मी ‘भाकडकथा’ खोडलं आणि खाली सही केली.

अण्णा पेपराची घडी घालत म्हणाले, “माझ्यासमोर खोडून काय उपयोग? तिच्यासमोर खोडा. वर्गात.”

सभेत तिसरा पक्ष

लहान गावात गोष्ट लपत नाही. पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय निघाला. मुख्याध्यापकांना मिटवामिटव हवी होती. ते म्हणाले, एक गुण देऊन टाका, उत्तराचा प्रयत्न तर केलाय. खरं सांगते, याला मी सगळ्यात जास्त विरोध केला. गोष्ट खरी असेल तर चारपैकी चार द्यावेत. नसेल तर एक कशाचा? श्रद्धेपोटी दिलेला एक गुण म्हणजे मुलीला दिलेली भीक आणि गोष्टीचाही अपमान.

पण खरी पंचाईत केली ती एका तरुण पालकाने. इंजिनिअर आहेत, घरून काम करायला गावी परतलेले. ते छापील कागदच घेऊन आले होते. म्हणणं असं: समुद्राची पातळी हजारो वर्षांत खाली-वर झाली हे विज्ञानाने सिद्ध केलंय, म्हणजे परशुरामाची कथा हा इतिहास आहे, पूर्वजांनी भूशास्त्र गोष्टीच्या रूपात नोंदवून ठेवलं, म्हणून चार गुण द्या. सभेत टाळ्या पडल्या. अण्णांच्या साध्या ‘वाटते’पेक्षा हे कितीतरी भारदस्त वाटत होतं, आणि माझ्याकडे त्या क्षणी नीट उत्तर नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पालक उठले. कुणबी समाजातले, आजोबांच्या काळापर्यंत खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, जमीन कसणारं घर. त्यांनी विचारलं, “बाणाने जमीन वर आली आणि ती परशुरामाने वसवली, हे खरंच झालं असं शाळा शिकवणार असेल तर मला एवढंच सांगा, आम्ही कुठून आलो? आमचे कोळी, भंडारी, कातकरी? जमीन कुणाला दिली ते पोथीत आहे. कसायला कोण होतं ते आहे का?”

यावर टाळ्या पडल्या नाहीत. हा प्रश्न जुना आहे. कोकणात जमिनीवरचा हक्क हा कधीच नुसता गोष्टीचा विषय नव्हता. १९३३पासून सहा वर्षं रायगडमधल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला, १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करणारं विधेयक मांडलं, खोती कायद्याने गेली ती १९४९मध्ये. गोष्टीला इतिहास म्हटलं की ती सातबाराच्या शेजारी जाऊन बसते. देवळात सांगितली की तिला तसं बसता येत नाही. हा फरक मला त्या संध्याकाळी त्यांच्या प्रश्नातून कळला.

सभेत निर्णय झाला नाही. मी आठ दिवस मागून घेतले.

आठ दिवसांत वाचलेलं

आधी पोथीकडे गेले. कुठल्याही गोष्टीला जशीच्या तशी खरी म्हणायचं तर ती आधी एकच हवी. ही गोष्ट एक नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात बाण नाहीच. कश्यप परशुरामाला दक्षिण समुद्राच्या काठी जायला सांगतो, आणि समुद्र स्वतःहून त्याच्यासाठी शूर्पारक नावाचा देश तयार करतो. शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त रघूचं सैन्य सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली पट्टी भरून टाकतं तेव्हा कवी म्हणतो, रामाच्या अस्त्राने दूर लोटलेला समुद्र पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडल्यासारखा दिसला. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी तरी ‘अस्त्राने समुद्र हटवला’ ही गोष्ट श्रोत्यांना इतकी पाठ होती की कवीला ती उलगडून सांगावी लागत नव्हती. स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात बाण येतो. गोव्यात तो बाण पडला ते गाव म्हणजे बाणावली. केरळात पोचलो की बाण जातो आणि परशू येतो: गोकर्णाहून फेकला तो थेट कन्याकुमारीपर्यंत. आता खरं मानायचं तर कुठलं मानायचं? बाण की परशू? समुद्राला दटावलं की समुद्राने आपणहून दिलं? एकाला शब्दशः खरं म्हटलं की बाकीच्यांना खोटं म्हणावं लागतं, आणि मग केरळातल्या आजीला सांगावं लागतं की तुझा परशुराम चुकला.

नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात शूर्पारकातल्या रामतीर्थाचा उल्लेख येतो आणि बत्तीस हजार नारळाची झाडं दान दिल्याचाही. हा राम म्हणजे परशुराम असं बरेच अभ्यासक मानतात. मला त्या नारळांनीच खिळवून ठेवलं. या किनाऱ्याशी त्या नावाचं नातं इतकं जुनं आहे, आणि तेव्हाही माडांच्या बागा राखणारी माणसं इथे होतीच.

महात्मा फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त काय केलं तेही पुन्हा वाचलं. परशुराम चिरंजीव आहे असं म्हणता ना, मग त्यांनी थेट त्यालाच पत्र लिहिलं आणि मुदत घालून हजर व्हायला सांगितलं. शब्दशः मानायचं तर शेवटपर्यंत शब्दशः माना, हा त्यातला तिढा. पण त्याच फुल्यांनी एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करण्याच्या कथेत जुन्या हिंसेची, जिंकलेल्यांची आणि हरलेल्यांची आठवण शोधली. त्यांनी गोष्ट टाकून दिली नाही, तिला उलटतपासणीला उभं केलं. मी मात्र एक शब्द लिहून मोकळी झाले होते.

मग इंजिनिअर पालकांचे कागद घेतले. समुद्राची पातळी बदलली हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण कशी बदलली? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, ती आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. आपला किनारा तेव्हा कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता. बर्फ वितळलं तसा समुद्र वर आला आणि जमीन पाण्याखाली गेली. मुंबईत १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना ओहोटीच्या पातळीच्याही खाली झाडांचे बुंधे जागच्या जागी मुळांसकट सापडले, त्यात खैर होता. खैर काही पाण्यात उगवत नाही. म्हणजे माणूस या किनाऱ्यावर असताना घडलेली सगळ्यात मोठी घटना गोष्टीच्या बरोबर उलटी आहे: समुद्राने जमीन घेतली. त्यानंतर, सहाएक हजार वर्षांपूर्वी, पाणी आजच्यापेक्षा थोडं वर चढून पुन्हा उतरलं. त्या उतरण्याने काही पुळणी आणि शिंपल्यांचे थर उघडे पडले. पण त्याने अख्खं कोकण झालं नाही. कोकणच्या पोटातला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि वरचा जांभा त्याच्या कुजण्यातून लाखो वर्षांत झालेला.

काळाचा हिशेबही बसत नाही. महाभारताचं आदिपर्व परशुरामाला त्रेता आणि द्वापर यांच्या संधीवर ठेवतं. द्वापरयुग पोथीप्रमाणे ८,६४,००० वर्षांचं, कलियुग सुरू होऊन पाच हजारांवर वर्षं झाली. म्हणजे बाण सुटला तो सुमारे ८ लाख ६९ हजार वर्षांपूर्वी. आपल्यासारख्या माणसाचे आजवर मिळालेले सगळ्यात जुने अवशेष तीन लाख वर्षांच्या आसपासचे आहेत. सहा हजार वर्षांपूर्वीचं समुद्राचं उतरणं धरायचं तर पोथीचा काळ सोडावा लागतो, पोथीचा काळ धरायचा तर भूशास्त्र सोडावं लागतं. दोन्ही एकदम धरणारे कागद वाचणाऱ्याला दोन्ही बाजूंनी अर्धवट माहिती देतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान करणारी भूमिका अण्णांची नव्हती, या कागदांची होती. अण्णा श्रद्धेला श्रद्धा म्हणतात. कागद श्रद्धेला पुरावा म्हणतात, आणि मग मुलांना पुरावा म्हणजे काय हेच कळेनासं होतं.

तास आणि सहल

पुढच्या सोमवारी मी वर्गात तिची उत्तरपत्रिका मागून घेतली, सगळ्यांसमोर खोडलेला शब्द दाखवला आणि म्हटलं, “हा शब्द मी लिहायला नको होता. शून्य बरोबर आहे, शब्द चूक आहे. दोन्ही मीच केलंय.” वर्ग शांत होता. तिने मान वर केली नाही. मी फळ्यावर बाण, परशू आणि शूर्पारक असे तीन शब्द लिहिले आणि तीनही गोष्टी सांगितल्या. शेवटी एका मुलाने विचारलं, “बाई, मग खरी कुठली?” मी म्हटलं, “घडलेली यातली एकही नाही, असं मला वाटतं. का वाटतं ते दाखवते, शनिवारी चला.”

शनिवारी आधी चिऱ्याच्या खाणीवर गेलो. मशीनने सरळ कापलेल्या भिंतीत मुलांनी बोटं घातली: वर लाल, भोकं भोकं असलेला जांभा, खाली मऊ पिवळट माती, आणखी खाली काळा कातळ. खाणीतल्या कामगाराने सांगितलं, चिरा काढल्यावर काही दिवस उन्हात ठेवावा लागतो, मगच तो कडक होतो. हे मलाही पुस्तकाबाहेरचंच ज्ञान होतं. तिथून ओहोटीला समुद्रावर. शिंपले आणि वाळू चुन्याने चिकटून झालेला दगड तिथे दिसतो, जुने लोक त्याला करळ म्हणतात. भरतीच्या रेषेच्या वर, जिथे आज लाट पोचत नाही तिथेही त्याचा एक पट्टा होता. मुलांनी मोजला.

इंजिनिअर पालकांना हे सगळं पटलं नाही. त्यांनी मुलाला सहलीला पाठवलं नाही, आणि माझी लेखी तक्रारही केली. ती अजून निकाली निघालेली नाही. कुणबी पालकांनी मात्र खाणीच्या मालकाशी बोलून ट्रॅक्टर मिळवून दिला.

विहिरीतला दगड

गणपतीनंतर ती मुलगी पिशवीतून काहीतरी जड घेऊन आली. अण्णांची विहीर साफ करताना तळाशी दगड निघाला होता. करळच होतं. कडेला एक अख्खा शिंपला अडकलेला, दोन्ही झाकणं मिटलेली. “अण्णा म्हणाले बाईंना दाखव. म्हणाले, बघा, समुद्र होता की नाही?”

होता. ते मी तिला म्हटलंही. त्या बागेत कधीतरी समुद्र होता, आणि अण्णांची आई रहाट ओढताना सांगायची त्यातला तेवढा भाग त्या दगडाने पक्का केला. बाण कुणी मारला हे दगड सांगत नाही. ती थोडा वेळ दगड हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, “प्रयोगशाळेत ठेवूया?”

चिठ्ठी तिने लिहिली. पहिल्या मसुद्यात होतं, ‘समुद्र मागे का गेला याची दोन उत्तरं आहेत,’ आणि खाली दोन्ही एकाखाली एक. मी ते मान्य केलं नाही. भूगोलाच्या कपाटात ती दोन उत्तरं एका रांगेत बसत नाहीत. तिला राग आला, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नवं कार्ड घेऊन आली. समोर: ‘करळ. अण्णांच्या विहिरीत १४ फुटांवर मिळालं. विहीर ते समुद्र ४१० पावलं. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा थोडी वर होती.’ मागच्या बाजूला, ‘आमच्या घरातली गोष्ट’ या मथळ्याखाली, अण्णांची आई, रहाट आणि बाण.

कार्ड दगडाखाली ठेवलं आहे. नवरात्रात अण्णा शाळेत आले होते. त्यांनी दगड उचलला, चष्मा लावून कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि नातीला हाक मारली.

“चौदा नव्हे गो, सोळा. दोर मी मोजलाय.”

तिने १४ खोडून १६ केलं.